फुक्याची बंदी

वासरू मेल्यावर गाय पान्हा चोरते, म्हणून तिच्या योनिमार्गात नळी घालून जोराने हवा फुंकावयाची, आणि त्या असह्य वेदनेत उरलेसुरले दूध ओढून घ्यावयाचे, असा जो ‘फुका’ नावाचा अघोरी प्रघात कलकत्त्याच्या गोठ्यांतून रूढ होता, त्याची दखल सरकारदरबारी 1890 च्या प्राणिक्लेश-प्रतिबंधक कायद्याने घेतली. परंतु पहाटेच्या अंधारात, शेपूट बाजूला धरून, दोन माणसे उरकीत असलेल्या कृत्याला साक्षीदार कोठून मिळावा? या प्रश्नाला नैतिक धार आली ती गांधीजींमुळे. 1912 साली दक्षिण आफ्रिकेत ही हकीकत वाचून त्यांनी दूधच वर्ज्य करण्याचे व्रत घेतले. पुढे जीवघेण्या आजारात कस्तुरबांच्या आग्रहावरून ते शेळीचे दूध घेऊ लागले, तरी व्रताचा आत्मा दुखावल्याचा सल त्यांना अखेरपर्यंत बोचत राहिला. मला हा सल कोणत्याही कलमाहून मोलाचा वाटतो. 1960 च्या कायद्याने फुक्यास हजार रुपयांपर्यंत दंड, दोन वर्षांपर्यंत कैद वा दोन्ही, आणि जनावर सरकारजमा, अशी तरतूद केली. नळी मागे पडली, पण तिच्या जागी पान्हा सोडायला लावणाऱ्या ऑक्सिटोसिनची सुई आली, आणि गाय अजूनही दावणीला तशीच अंग आखडून उभी असते.