त्र्यंबकेश्वराचा हिरा आणि पेशव्यांचा जामदारखाना

पुणे शहर आज चोहो दिशांना पसरले असले तरी त्याचे मूळ कसबा पेठेत आहे. बालशिवाजीस घेऊन राजमाता जिजाऊ पुण्यास आल्या, उजाड कसब्यात पुन्हा वस्ती झाली आणि श्रीगणपतीचे देऊळ उभे राहिले. तोच कसबा गणपती, पुण्याचे ग्रामदैवत. पुढे शंभरएक वर्षांनी, दि. १० जानेवारी १७३० रोजी, थोरल्या बाजीरावसाहेबांनी कसब्याला लागूनच शनिवारवाड्याचा पाया घातला आणि देवाच्या शेजारी वाडा आला. पेशवे हे छत्रपतींचे प्रधान. परंतु दौलतीचा कारभार पुण्याहून चालू लागल्यावर त्यांचे घराणे राजघराण्याच्याच इतमामाने राहू लागले.

जडजवाहीर आणि उंची वस्त्रे ज्या खात्यात ठेवीत त्याला जामदारखाना म्हणत. शिरपेच, कलगी, तुरा, मोत्यांची कंठी, कानातला चौकडा व भिकबाळी ही पुरुषांची लेणी. स्त्रियांकडे नथ, तन्मणी, चिंचपेटी, बुगडी, वाकी, गोठ, पाटल्या. पेशवाईतल्या दागिन्यांत सोन्यापेक्षा मोत्याचा मान मोठा होता, आणि मोती इराणच्या आखातातून बसऱ्याच्या मार्गाने येत. आपण ज्याला अस्सल मराठी दागिना म्हणतो त्यात असा परमुलुख पुष्कळ आहे. पुतळ्यांच्या माळेचेच पाहा. व्हेनिस शहराच्या सोन्याच्या नाण्यावर संत मार्क आणि त्याच्यापुढे गुडघे टेकलेला तिथला राज्यप्रमुख अशा आकृती असत. व्यापाराबरोबर ते नाणे इकडे आले, आकृतींवरून त्याला पुतळी हे नाव पडले, आणि पुढे आमच्या सोनारांनी स्वतःच्या ठशावर पुतळ्या पाडून त्यांवर आपले देव आणले. आज खेड्यातली म्हातारी ती माळ गळ्यात घालते, तिला व्हेनिसचे नाव कशाला ठाऊक असणार!

असा एक दागिना म्हणजे अनेक हातांचे काम असे. सोनार मुशीत सोने आटवी, जंत्रीच्या भोकांतून तार ओढून बारीक करी. जडावाचे काम करणारा खड्याच्या पाठीशी चकचकीत पत्रा ठेवी, म्हणजे प्रकाश उलटून खड्याला तेज येई, आणि शुद्ध सोन्याचे पातळ पत्रे भोवती दाबून खडा पक्का करी. हेच कोंदण. शेवटी पटवेकरी रेशमाच्या दोऱ्यात मणी ओवून गोंडा बांधी. मोत्याच्या दागिन्याचे निम्मे आयुष्य या पटवेकऱ्याच्या गाठीवर असते. त्याचे नाव मात्र कोणी घेत नाही.

एवढे वैभव होते तर ते गेले कोठे, असा प्रश्न साहजिकच पडतो. त्याचे उत्तर असे की राजघराण्याचा दागिना हा नुसता शृंगार नव्हता, ती अडीअडचणीची पुंजी होती. थोरले बाजीराव कर्जाने किती गांजले होते ते त्यांनी धावडशीच्या ब्रह्मेंद्रस्वामींना लिहिलेल्या पत्रांतून दिसते. फौजेचा पगार थकला की सोने मोडावे लागे. मोडलेल्या सोन्याला पुन्हा ओळख राहत नाही. हिऱ्याचे तसे नाही, आणि म्हणूनच एका हिऱ्याची हकिकत आज सांगता येते.

त्र्यंबकेश्वराचे सध्याचे देऊळ नानासाहेब पेशव्यांनी बांधण्यास घेतले. त्या देवाच्या भांडारात एक थोर हिरा होता अशी परंपरा आहे. पाश्चात्त्य लोक त्याला नाशिकचा हिरा म्हणून ओळखतात. वजन सुमारे ९० कॅरट, म्हणजे आपल्या हिशेबाने दीड तोळ्याच्या वर. दि. ५ नोव्हेंबर १८१७ रोजी खडकीची लढाई झाली, त्याच महिन्याच्या १७ तारखेस शनिवारवाड्यावर इंग्रजांचे निशाण लागले, आणि १८१८ च्या जूनमध्ये दुसरे बाजीराव माल्कमच्या स्वाधीन झाले. त्याच साली बाजीरावांकडचा हा हिरा कर्नल ब्रिग्ज याच्या हातून गव्हर्नर जनरल हेस्टिंग्जकडे व तेथून लंडनला गेला. देवाची वस्तू राजाने जवळ बाळगली, आणि राजा हरला तेव्हा ती शत्रूच्या लुटीत मोजली गेली. देवाची म्हणून तिला कोणी वेगळे काढले नाही. इंग्रजांना दोष द्यावाच; पण देवाचे भांडार आणि धन्याची तिजोरी यांत भिंत राहिली नाही, हा दोष आपल्या घरचा आहे.

लंडनच्या बाजारात त्याची किंमत तीन हजार पौंड झाली. तिकडच्या जवाहिऱ्यांना त्याचे पैलू ओबडधोबड वाटले. हे मत एकांगी आहे. आपल्याकडचा कारागीर मूळ दगडाचा आकार सांभाळून, वजन शक्य तितके राखून पैलू पाडी. तिकडची आवड लखलखाटाची. रंडेल व ब्रिज या पेढीने हिरा पुन्हा कापला, तो ७८ कॅरटांवर आला. १८३७ च्या लिलावात मार्क्विस ऑफ वेस्टमिन्स्टरने तो घेऊन आपल्या तलवारीच्या मुठीत बसवला. पुढे तो अमेरिकेत गेला, आणि १९४० साली न्यूयॉर्कच्या हॅरी विन्स्टनने त्याला तिसऱ्यांदा कापून ४३.३८ कॅरटांचा केला. दीड तोळ्यांचा हिरा पाऊण तोळ्यावर आला! १९७० साली न्यूयॉर्कच्या लिलावात त्याला पाच लाख डॉलर आले, आणि १९७७ साली लेबनॉनचे जवाहिरे रॉबर्ट मुआवद यांनी तो आपल्या संग्रहासाठी घेतला.

शनिवारवाड्याच्या आतल्या इमारती १८२८ च्या आगीत जळाल्या. तट आणि दिल्ली दरवाजा राहिला. कसबा गणपतीची शेंदूरचर्चित मूर्ती मात्र जागच्या जागी आहे. जवळच्या तांबट आळीत पेशवाईपासून चालत आलेली ठोक्यांची कला टिकून आहे; हातोडीच्या एकेका ठोक्याने तांब्याच्या भांड्यावर मठारकाम उठवणारी ही घराणी आहेत.