न्यायाधिकाऱ्यांच्या गैरवर्तनाची चौकशी : क्रॉफर्ड प्रकरण

न्यायदानाचा अधिकार असलेल्या शासकीय अधिकाऱ्याविरुद्ध गैरवर्तनाचा आरोप झाल्यास त्याची चौकशी कोणी करावी व शिक्षा कोणी द्यावी, हे ठरविणारी विधिव्यवस्था. भारतात तिचा पाया १८५० मध्ये घातला गेला. त्या वर्षीच्या एका अधिनियमाने न्यायिक अधिकाऱ्यांना सद्भावनेने केलेल्या न्यायिक कृत्यांबद्दल दिवाणी दाव्यांपासून संरक्षण दिले. दुसऱ्याने, म्हणजे लोकसेवक (चौकशी) अधिनियमाने, वरिष्ठ लोकसेवकांच्या वर्तनाच्या उघड चौकशीची रीत घालून दिली. दोषारोप लेखी असावेत, साक्षीपुरावा आयोगापुढे व्हावा आणि आयोगाने अहवाल शासनास सादर करावा, अशी तिची रचना होती. शिक्षेचा अधिकार मात्र आयोगास नव्हता.

या कायद्याची सर्वांत गाजलेली कसोटी पुण्यात लागली. आर्थर ट्रॅव्हर्स क्रॉफर्ड (१८३५–१९११) हा मुंबईचा पहिला महापालिका आयुक्त. तेथील मंडईस त्याचेच नाव मिळाले. पुढे तो मध्य विभागाचा आयुक्त झाला. कर्जबाजारी क्रॉफर्ड नेमणुका, बढत्या व बदल्या यांसाठी मामलेदारांकडून मध्यस्थामार्फत पैसे घेतो, अशा तक्रारी वाढल्यावर गव्हर्नर लॉर्ड रे याच्या शासनाने १८८८ मध्ये त्याला निलंबित केले. हणमंतराव जहागीरदार या मध्यस्थास स्वतंत्र खटल्यात शिक्षा झाली. क्रॉफर्डची चौकशी कलकत्ता उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती विल्सन यांच्या अध्यक्षतेखालील त्रिसदस्य आयोगाने केली.

पैसे देणाऱ्यांची साक्ष मिळाल्याखेरीज लाच सिद्ध होणे शक्य नव्हते आणि लाच देणे हाही अपराधच होता. म्हणून शासनाने मामलेदारांना अभयवचन दिले. त्यावर विसंबून अनेकांनी पैसे दिल्याचे कबूल केले. आयोगाने क्रॉफर्डला लाचखोरीच्या आरोपांतून मुक्त केले. हाताखालच्या माणसांकडून कर्ज घेतल्याचा ठपका तेवढा ठेवला. मुंबई शासनास हा निष्कर्ष पटला नाही. भारतमंत्री लॉर्ड क्रॉस याने लाचखोरीबाबतचा निर्णय मान्य केला. तथापि क्रॉफर्डला सेवेतून दूर केले.

खरा पेच येथून पुढे निर्माण झाला. मामलेदार हा केवळ महसुली अधिकारी नव्हता. तो दंडाधिकारी म्हणून फौजदारी खटले चालवी आणि १८७६ च्या मामलेदार न्यायालय अधिनियमान्वये जमिनीच्या ताब्याचे दावेही निकालात काढी. पैसे देऊन पद मिळविल्याचे स्वतः कबूल करणाऱ्याने न्यायासनावर बसावे काय, असा प्रश्न इंग्लंडमध्ये विचारला जाऊ लागला. उलट पुण्यातील जाहीर सभेत लोकमान्य टिळकांनी शासनाने दिलेला शब्द पाळावा, अशी बाजू मांडली. वरिष्ठाच्या मागणीपुढे कनिष्ठ अधिकारी असहाय असतो, हा या बाजूचा आधार होता व तो निराधार म्हणता येत नाही. पक्षकाराच्या दृष्टीने मात्र दोन्ही म्हणणी सारखीच अस्वस्थ करणारी होती. अखेर १८८९ मध्ये गव्हर्नर जनरलच्या विधिमंडळाने साक्षीदारांना कारवाईपासून संरक्षण देणारा कायदा केला. काही मामलेदार सेवेत राहिले, तर काहींना जावे लागले.

स्वातंत्र्योत्तर काळात न्याय व कार्यकारी शाखा विभक्त झाल्या. संविधानाच्या अनुच्छेद २३५ ने कनिष्ठ न्यायालयांवरील नियंत्रण उच्च न्यायालयाकडे सोपविले. उच्च व सर्वोच्च न्यायालयांच्या न्यायाधीशांसाठी न्यायाधीश (चौकशी) अधिनियम, १९६८ संमत झाला. त्यातही त्रिसदस्य समिती दोषारोप तपासते व निर्णय इतरत्र, म्हणजे संसदेत, होतो. न्यायमूर्ती व्ही. रामस्वामी यांच्याविरुद्धच्या चौकशी समितीचे अध्यक्ष न्यायमूर्ती पी. बी. सावंत होते. समितीने अनेक आरोप सिद्ध झाल्याचे सांगितले. परंतु ११ मे १९९३ रोजी लोकसभेत प्रस्तावास १९६ मते पडली, २०५ सदस्य तटस्थ राहिले व प्रस्ताव फेटाळला गेला.

मामलेदारांची जुनी न्यायिक भूमिका मात्र पूर्णपणे संपलेली नाही. १९०६ च्या मामलेदार न्यायालय अधिनियमाखाली शेतरस्ता अडविल्याचे दावे महाराष्ट्रात तहसीलदारच चालवितात. त्यांच्यावरील शिस्तभंगाची कारवाई उच्च न्यायालयाकडे नसून शासनाकडे, १९७९ च्या नागरी सेवा (शिस्त व अपील) नियमांनुसार, होते.