बुंदेलखंडातील मुलकी आणि लष्करी वेतन

झाशी जिल्ह्यातील गुरसराय ही मराठी ब्राह्मण घराण्याची जहागीर होती. या मुलखात पेशव्यांचा महसूल गोळा करणारे नेवऱ्याचे गोविंदपंत खेर ऊर्फ बुंदेले यांना फौजही चालवावी लागे. डिसेंबर १७६० मध्ये रसदीच्या मोहिमेवरच ते मारले गेले. मुलकी माणूस कोण आणि लष्करी कोण, हा प्रश्न तिथे फारसा पडतच नसे.

वेतनाच्या बरोबरीचा दाखला त्याहून जुना आहे. शिवाजी महाराजांच्या अष्टप्रधानांत पेशव्यांना वर्षाला १५,००० होन, अमात्यांना १२,०००, तर सेनापती आणि सचिव या दोघांनाही १०,००० होन मिळत. तलवार आणि लेखणी एकाच मापाने मोजली जाई.

पुढे मुलकी आणि लष्करी वेतनाच्या वाटा फुटल्या. पहिल्या दोन वेतन आयोगांच्या काळात सैन्याचे पगार वेगळ्या समित्यांनी ठरवले. १९७० च्या तिसऱ्या आयोगाकडे प्रथमच दोन्हींचा विचार सोपवला गेला. सातव्या आयोगाने १ जानेवारी २०१६ पासून दोघांच्याही मूळ वेतनाला २.५७ हाच गुणक लावला. जवानांना मात्र दरमहा ५,२०० रुपये लष्करी सेवावेतन वेगळे मिळते. झाशीजवळच्या बबिना छावणीतल्या मुलकी कारकुनाला ते मिळत नाही.