वाङ्मयचौर्य : विद्यार्थ्यांचे लेखन आणि ऑनलाइन स्रोत

दुसऱ्याचे शब्द, मांडणी किंवा संशोधन त्याचे नाव न सांगता आपले म्हणून सादर करणे म्हणजे वाङ्मयचौर्य. विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांत ते बहुधा कॉपी-पेस्टने शिरते.

दादरच्या शिवाजी पार्कवरचा प्रकल्प उदाहरणादाखल घेऊ. तेथे दसरा मेळावा भरतो, हे सर्वांना ठाऊक आहे. त्याला संदर्भ लागत नाही. मात्र महापालिकेने १९२५ मध्ये तयार केलेले हे मैदान आधी माहीम पार्क म्हणून ओळखले जाई आणि नगरसेविका अवंतिकाबाई गोखले यांच्या पुढाकाराने १९२७ मध्ये त्याला शिवाजी महाराजांचे नाव मिळाले, हा तपशील कोणीतरी शोधून लिहिलेला असतो. तो कुठे वाचला हे सांगावेच लागते. घटनेवर कोणाची मालकी नसते, ती सांगणाऱ्या वाक्यांवर असते. म्हणून वाचून झाल्यावर पान बंद करावे आणि स्वतःच्या भाषेत लिहावे. मूळ शब्दच हवे असतील तर ते अवतरणचिन्हांत द्यावेत. दोन-चार शब्द बदलून वाक्याची घडण तीच ठेवली, तरी ती उचलेगिरीच.

मराठीत सर्वांत दुर्लक्षित राहणारा प्रकार अनुवादाचा. इंग्रजी पानाचे भाषांतर करून खाली आपले नाव घालणारा मुलगा मेहनत करतो, हे खरे. पण विचार आणि क्रम दुसऱ्याचा असतो. भारतीय कॉपीराइट कायदा, १९५७ नुसार भाषांतराचा हक्कही मूळ हक्कधारकाचाच आहे. साधर्म्य तपासणाऱ्या सॉफ्टवेअरला अशी भाषांतरे अनेकदा सापडत नाहीत, त्यामुळे शिक्षकाचे वाचन अपरिहार्य ठरते.

विकिपीडियाचा मजकूर मुक्त परवान्याखाली असला, तरी श्रेयनिर्देशाची अट त्यालाही आहे. पाने बदलत राहतात. त्यामुळे टिपण काढतानाच लेखक, शीर्षक, दुवा आणि पाहिल्याची तारीख नोंदवावी. नंतर ती शोधू म्हटले की राहून जाते. शक्य तेथे पानाने दिलेला मूळ ग्रंथच उघडावा. शिवाजी पार्कच्या विद्यार्थ्याला त्यासाठी दादर पूर्वेचे, १८९८ मध्ये स्थापन झालेले मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय जवळ आहे.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या विनियमांनुसार प्रबंधातील १० टक्क्यांपर्यंतच्या साधर्म्याला दंड नाही. ६० टक्क्यांहून अधिक आढळल्यास नोंदणी रद्द होते. विद्यार्थ्यांचे निबंध, प्रकल्प व उत्तरपत्रिका या विनियमांच्या कक्षेबाहेर आहेत. तेथे संदर्भ देण्याची सवय लावण्याचे काम शाळा-महाविद्यालयांनाच करावे लागते.