विरूपाक्षाची उलटी सावली

मराठी माणूस हंपीला जातो तो बहुधा विठ्ठल मंदिरासाठी. कृष्णदेवरायाने पंढरीची मूर्ती विजयनगरास नेली आणि एकनाथांचे पणजोबा भानुदास यांनी ती परत आणली, ही कथा आपल्या कानांवर लहानपणीच पडलेली असते. आम्ही मात्र या खेपेस विरूपाक्ष मंदिरातच रमलो, आणि तेही एका पत्र्याच्या डब्यापायी.

डब्याला आतून काळा रंग दिलेला. भिंग नाही. पुढे पितळी पत्र्यात सुईने पाडलेले सुमारे ०.३ मिलिमीटरचे छिद्र, त्यामागे ६० मिलिमीटरवर कृष्णधवल फिल्म, आणि छिद्रावर चिकटपट्टी. हा आमचा पिनहोल कॅमेरा. तो हंपीलाच का नेला, याचे कारण मंदिराच्या गाभाऱ्यामागे आहे. तेथील एका अंधाऱ्या खोलीत भिंतीतील लहानशा छिद्रातून प्रकाश येतो आणि समोरच्या भिंतीवर पूर्वेकडील नऊ मजली गोपुराचे चित्र उमटते, कळस खाली आणि पाया वर. ती खोली म्हणजे आमच्या डब्याची थोरली बहीणच.

वाटाडे तिला ‘उलटी सावली’ म्हणतात. शब्द गोड, पण नेमका नव्हे. जेथे प्रकाश अडतो तेथे सावली पडते. येथे तर प्रकाशच भिंतीपर्यंत पोचलेला असतो. शिखराकडचा किरण छिद्रातून सरळ जाऊन भिंतीच्या खालच्या भागावर पडतो, पायथ्याकडचा वरच्या भागावर. इब्न अल-हैथम या पंडिताने प्रकाशाच्या या सरळ वाटेचा अकराव्या शतकात पद्धतशीर अभ्यास केला होता. स्थपतींनी छिद्र हेतुपुरस्सर ठेवले काय, यावर आमच्या मंडळींत बराच वाद झाला. चित्र उमटते एवढ्यावरून ते उमटावे असा हेतू होता, हे काही आम्हांस पटले नाही. असो.

दुसऱ्या दिवशी पहाटे आम्ही मंदिरासमोरच्या रुंद बाजाररस्त्यावर डबा दगडावर टेकवला. शंभर आयएसओच्या फिल्मला भर उन्हात दोन-तीन सेकंद पुरतात. पहाटेच्या उजेडात आम्ही चार मिनिटे दिली. पहिली चौकट चिकटपट्टी काढताना डबा हलल्याने वाया गेली. दुसरी साधली. गोपूर थोडे मऊ, पण पुरते उमटले. रस्ता मात्र ओसाड. त्या चार मिनिटांत भाविक गेले होते, सायकली गेल्या होत्या, दोन कुत्री भांडली होती. चौथऱ्यावर स्वस्थ बसलेली एक फुलवाली तेवढी राहिली. हलणाऱ्याची नोंद फिल्म घेत नाही.

तेव्हा अलेक्झांडर ग्रीनलॉची आठवण झाली. मद्रासच्या फौजेतील या अधिकाऱ्याने १८५६ मध्ये मेणकागदाच्या मोठ्या निगेटिव्हांवर हंपीची छायाचित्रे घेतली. आज पडलेल्या वा बदललेल्या किती तरी वास्तूंचा ती आधार आहेत, हे त्याचे ऋण मोठे. परंतु त्या कागदालाही दीर्घ काळ उजेड द्यावा लागे. १५६५ च्या पराभवानंतर राजधानी उद्ध्वस्त झाली तरी विरूपाक्षाची पूजा चालूच राहिली. अशा ठिकाणचा निर्जन रस्ता छायाचित्रात पाहून गाव निर्जन होते असे मानणे धोक्याचे आहे.

हा धोका आजचाही आहे. हंपी १९८६ मध्ये जागतिक वारशाच्या यादीत आली. याच रस्त्याकडेच्या दगडी मंडपांत वर्षानुवर्षे संसार आणि दुकाने थाटलेल्या कुटुंबांना प्रशासनाने जुलै २०११ मध्ये तेथून हटवले. मंडप मोकळे झाले, स्तंभ नीट दिसू लागले, हे खरे. स्मारकाची काळजी घ्यावीच लागते. पण आमच्या चित्रातील कोणती ओसाडी चार मिनिटांच्या उजेडाची आणि कोणती त्या जुलैची, हे पुढे पाहणाऱ्यास कसे कळावे?

म्हणून छापील प्रतीच्या पाठीमागे आम्ही तारीख, वेळ आणि उजेडाची मिनिटे लिहिली. त्याखाली, डब्याशेजारी उभे राहून मोजलेली, समोरून गेलेली माणसे: एकवीस.