गारगोटी आणि विस्तव

काड्यापेटी घरोघरी पोचण्यापूर्वी आपले पूर्वज गारगोटीवर चकमक झाडून विस्तव पाडीत. गंमत अशी, की ज्या गारगोटीने माणसाला विस्तव दिला, तिचाच रंग त्याने पुढे विस्तवाने पालटला!

नाशिकची भूमी सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याची. त्या काळ्या दगडाच्या पोकळ्यांत वाढलेले स्फटिक सिन्नरच्या ‘गारगोटी’ संग्रहालयात २००१ पासून पाहावयास मिळतात. स्फटिक म्हणजे शुद्ध गारगोटीच. त्यातला जांभळा तो ॲमेथिस्ट, पिवळा तो सुनेला, म्हणजेच सिट्रिन. जांभळा खडा साडेचारशे-पाचशे अंशांपर्यंत तापवला, की त्यातील लोहामुळे तो पिवळा होतो. बाजारातला बहुतेक सुनेला असाच घडलेला.

ही विद्या आपल्याला परकी नाही. खंबायतचे कारागीर अकीक भाजून लाल करीत आले. हडप्पाकालीन मणीही असेच भाजलेले आढळतात.

मग ओळखावे कसे? नैसर्गिक सुनेला बहुधा फिकट, गवती किंवा धुरकट असतो. भाजलेला गडद, नारिंगी-तांबूस. स्फटिकांचा गुच्छ असेल तर टोके रंगीत नि बूड पांढरे. पैलू पाडलेल्या खड्याला मात्र जाणत्या पारख्याची नजर लागते : ध्रुवित प्रकाशात फिरवला असता नैसर्गिक खडा पिवळ्याच्या दोन छटा किंचित दाखवतो, भाजलेला दाखवीत नाही.

भाजणे हे पाप नव्हे. ते लपवून नैसर्गिकाचा भाव घेणे हे पाप. तेव्हा धनत्रयोदशीला खडा घ्याल, तर एवढे अवश्य विचारा : “शेटजी, हा भूमीने पिकवला, की भट्टीने?”