मेन सीलवरचा आरोप

जुन्या जीपच्या बेलहाउसिंगखालून तेल ठिबकू लागले की निदान ठरलेलेच असते. ‘मागचे मेन सील गेले, इंजिन उतरवावे लागेल.’ गॅरेजमध्ये हे इतक्या खात्रीने सांगितले जाते की शंका घेणाराच अडाणी ठरतो. तरीही या मताचे खंडन करणे मला आवश्यक वाटते. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या काही वर्षांत महिंद्राने मुंबईत माझगावला ज्यांची जोडणी सुरू केली त्या विलीज जीपा, आणि त्यांच्या मागून आलेल्या सीजे-३बी, आजही धावताहेत. त्यांची इंजिने या एका समजुतीपायी विनाकारण खोलली जातात.

आधी पूर्वपक्ष त्याच्या पूर्ण बळानिशी मांडू. क्रँकशाफ्ट इंजिनातून बाहेर पडून फ्लायव्हीलला जोडला जातो, त्या तोंडाशी तेल अडवण्याचे काम मेन सीलचे. जुन्या इंजिनांत ते ग्राफाइट लावलेल्या ॲस्बेस्टॉसच्या दोरीचे असे. पुढे दोन अर्ध्या भागांतले रबरी सील आले. दोरी झिजते, रबर उष्णतेने कडक होते. तेल सापडते तेही नेमके त्याच्याखाली. शिवाय ते क्लच प्लेटवर गेले तर क्लच घसरतो, म्हणजे चालढकल परवडत नाही. हा युक्तिवाद अनुभवी मिस्त्रींचा आहे आणि त्यातले एकही विधान खोटे नाही. चुकतो तो निष्कर्ष.

पहिला मुद्दा जागेचा. तेल जिथे ठिबकते तिथूनच ते सुटले, हे कशावरून? सीजे-३बीचे हरिकेन इंजिन २१९९ सीसीचे. त्याचे इनटेक व्हॉल्व्ह हेडमध्ये, तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह ब्लॉकमध्ये. म्हणजे एक कव्हर माथ्यावर, दुसरे कुशीला, आणि दोन्हींना पॅकिंग. ब्लॉकच्या मागच्या अंगाला कॅमशाफ्टचे भोक बंद करणारा प्लग आहे, खाली तेलाच्या चेंबरचे, म्हणजे ऑईल पॅनचे, पॅकिंग आहे. यांपैकी कुठूनही सुटलेले तेल उताराने आणि धावत्या गाडीच्या वाऱ्याने मागे सरकते व बेलहाउसिंगच्या तळाशी गोळा होते. इतके संशयित असताना एकालाच का धरायचे?

दुसरा मुद्दा त्याहून सोपा. ते तेल इंजिनाचेच आहे का? गिअरबॉक्सच्या पुढच्या बेअरिंगमागून सुटणारे तेलही बेलहाउसिंगच्या तळाच्या भोकातूनच खाली पडते. थेंब बोटावर घेऊन पाहावा. वापरलेले इंजिन ऑईल काळे आणि पातळसर असते. गिअर ऑईल दाट, चिकट, गंधकाच्या उग्र वासाचे. इंजिन उतरवण्याआधी एवढी तपासणी कितीजण करतात?

तिसरा मुद्दा निर्णायक आहे. सील उडणारे तेल अडवते. दाब अडवणे हे त्याचे कामच नाही. पिस्टन रिंगा झिजल्या की जळालेला वायू खाली चेंबरमध्ये उतरतो. तो बाहेर जावा म्हणून विलीजने युद्धकाळातल्या जीपलाही इनटेक मॅनिफोल्डला जोडलेला व्हेंटिलेशन व्हॉल्व्ह दिला होता. हा लहानसा व्हॉल्व्ह काजळीने बंद चिकटला की वायू कोंडतो, आणि सर्वांत कमकुवत सांध्यातून तेल बाहेर ढकलतो. अशा इंजिनात आज बसवलेले नवे सीलही काही दिवसांत गळू लागते. मग दोष सीलच्या कंपनीला, बसवणाऱ्याला, नशिबाला दिला जातो. व्हॉल्व्हकडे कुणी पाहत नाही.

दाबाचे महत्त्व पटत नसेल, तर ब्रिटिश इंजिनांची साक्ष घ्या. मॉरिस मायनरच्या ए-सिरीज इंजिनाला मागे रबरी सीलच नाही. क्रँकवरचे चक्राकार आटे तेल आत परत ढकलतात. अँबॅसेडरचे १४८९ सीसीचे इंजिन ज्या बी-सिरीज घराण्यातले, त्याच्या तीन बेअरिंगांच्या मूळ रचनेतही हीच युक्ती होती. आतला दाब काबूत असेल तोवर ही व्यवस्था काम देते. जिथे सीलच नाही, तिथे ‘सील गेले’ या निदानाला अर्थ काय?

चौथा मुद्दा शाफ्टचा. मेन बेअरिंगचा प्ले वाढला की क्रँक जागच्या जागी फिरत नाही, हेलकावतो. रबराची पातळ कड त्याचा पाठलाग किती करणार? सील जिथे टेकते तिथे क्रँकला चर पडला असेल, तर तिथेही नवे सील हरते. सील फाटलेले सापडले, एवढ्याने ते मूळ कारण ठरत नाही. पुष्कळदा ते दुसऱ्याच बिघाडाचा बळी असते.

प्रतिपक्ष म्हणेल, ‘क्लच किंवा बेअरिंगसाठी इंजिन उतरलेच आहे, तर सील बदलायला काय हरकत?’ काहीच नाही, बदलावेच. पण उतरलेल्या इंजिनाचे सील बदलणे वेगळे आणि सीलच्या संशयावरून इंजिन उतरवणे वेगळे.

मग योग्य क्रम कोणता? इंजिन रॉकेलने स्वच्छ धुऊन कोरडे करा. सांध्यांवर टाल्कम पावडर भुरभुरा, गाडी फिरवून आणा आणि तेलाचा ओघळ सर्वांत वर कुठून निघतो ते बॅटरीच्या उजेडात पाहा. इंजिन चालू ठेवून तेल भरण्याचे झाकण उघडा. धुराचे झोत येत असतील तर व्हेंटिलेशन व्हॉल्व्ह काढून धुवा, रिंगांची अवस्था तपासा. क्रँकचा प्ले मोजा. एवढे करूनही बोट सीलकडेच राहिले, तर ते बदला. या जीपमध्ये चेंबर आणि मागची बेअरिंग कॅप काढून, बाकीच्या कॅपा सैल करून, वरचा अर्धा भाग इंजिन न उतरवताही सरकवता येतो. रबराची कड तेलाच्या बाजूला, म्हणजे इंजिनाच्या पुढच्या अंगाला हवी. कॅपच्या दोन्ही बाजूंची रबरी पॅकिंगे थोडी बाहेर डोकावतात; ती कापून सपाट करू नयेत, चेंबर आवळल्यावर दबूनच ती सांधा बंद करतात. हे पॅकिंग चुकले तर बदनाम पुन्हा सीलच होते.

पुरावे समोर आहेत. निवाडा वाचकांनी करावा. माझी मागणी एवढीच की गॅरेजमध्ये ‘सील गेले’ असे ऐकले की ‘कशावरून?’ हा प्रश्न विचारावा, आणि त्याचे उत्तर मिळेपर्यंत इंजिनाला पाना लावू देऊ नये.